माँटू शून्य, तरीही क्षय: नागपुरातील एका कुपोषित रुग्णाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नागपुरातील एका रुग्णालयाच्या पुरुष कक्षातील आहे. मी तेथे आहारतज्ज्ञ म्हणून काम पाहत होते. ओळख पटू नये म्हणून रुग्णाचे नाव आणि काही तपशील बदलले आहेत. येथे त्यांना गजाननभाऊ म्हणते.

वय ३४, कळमना बाजारात हमाली. मध्यरात्रीनंतर मालाच्या गाड्या उतरवायच्या, उजाडल्यावर तर्री-पोहे आणि चहा, दुपारी घरी भात आणि पातळ वरण, आणि मधल्या सगळ्या तासांत भूक मारण्यासाठी खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण), असा त्यांचा कित्येक वर्षांचा दिनक्रम होता. चार महिन्यांपासून खोकला होता, संध्याकाळी बारीक ताप येत होता आणि मानेच्या उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आली होती. नवतपा सुरू असताना ते दाखल झाले, तेव्हा उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन ३८ किलो होते; म्हणजे शरीर-वस्तुमान निर्देशांक १३.५. चार महिन्यांपूर्वी बाजारातल्या काट्यावर त्यांनी ५१ किलो पाहिले होते. त्या वजनालाही निर्देशांक १८.१ भरतो, म्हणजे आजार लागण्यापूर्वीही ते कमी वजनाचेच होते. ही गोष्ट आमच्या केसपेपरवर कोणी लिहिली नाही. मीही ती दुसऱ्या आठवड्यात काढली.

पहिला निर्णय: शून्य मिलिमीटरचा अर्थ

दाखल होताना त्यांच्यासोबत एका खासगी दवाखान्याची फाईल होती. तीत माँटू या क्षयासाठीच्या त्वचाचाचणीचा निकाल ‘० मिमी’ असा होता आणि त्याखाली क्षयरोगाची शक्यता कमी असल्याचा शेरा होता. त्या शेऱ्यावर विसंबून प्रतिजैविकांचे दोन कोर्स आणि टॉनिक देण्यात सहा आठवडे गेले होते. आमच्याकडे थुंकीचा पहिला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली निगेटिव्ह आला आणि छातीच्या क्ष-किरणचित्रात उजवीकडे वर धूसर छाया दिसली. गाठीमुळे लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची, शंका पुढे आली आणि आमचेही तीन दिवस त्या दिशेने गेले.

माँटू चाचणी सक्रिय क्षयाचे निदान करण्यासाठी नाहीच, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य सर्वांना माहीत असते. तरीही कागदावर शून्य दिसले की मन त्याला ‘नाही’ असे वाचते. वास्तविक ही चाचणी जंतू आहे की नाही हे पाहत नाही. त्वचेत टोचलेल्या द्रव्याला शरीरातील टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, ४८ ते ७२ तासांत किती जोरकस प्रतिसाद देतात, एवढेच ती मोजते. पेशींपाशी प्रतिसाद देण्याचे बळच नसेल, तर शून्याचा अर्थ ‘जंतू नाही’ असाही होतो आणि ‘उत्तर देणारे कोणी जागे नाही’ असाही.

कक्षातील वरिष्ठ डॉक्टरांनी हीच बाजू मांडली आणि दोन गोष्टी एकाच दिवशी करायला सांगितल्या: सकाळच्या पहिल्या, खोलवरून काढलेल्या थुंकीची जनुकीय चाचणी आणि गाठीतून सुईने घेतलेला नमुना. थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला जंतूंचा विरोध आढळला नाही. गाठीच्या नमुन्यातही क्षयाला साजेसे बदल होते. एचआयव्ही निगेटिव्ह, मधुमेह नाही. त्याच संध्याकाळी वजनाच्या गटानुसार दररोज तीन एकत्रित गोळ्या सुरू झाल्या.

रक्तातली साखर ८२, मग पेशी उपाशी कशी?

हा प्रश्न एका तरुण निवासी डॉक्टरने राऊंडच्या वेळी विचारला. तो अगदी योग्य होता, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा त्याच प्रश्नात आहे. गजाननभाऊंची उपाशीपोटी साखर ८२ होती. उपासमारीतही शरीर स्नायू मोडून आणि यकृतात नवे ग्लुकोज घडवून रक्तातली पातळी जवळपास राखते, कारण मेंदूला ती लागते. मग टी-पेशीला कमतरता कसली?

शांत असलेली टी-पेशी फार थोडक्यात भागवते. मायटोकॉन्ड्रिया या पेशीतील ऊर्जाकेंद्रांत थोडे इंधन हळूहळू जाळते आणि फिरत राहते. जंतूचा अंश ओळखून ती जागी झाली की तिचा व्यवहार पालटतो. ती आकाराने वाढते, काही तासांच्या अंतराने विभागू लागते आणि प्राणवायू उपलब्ध असतानाही ग्लुकोज मुख्यतः ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे प्राणवायूविना ग्लुकोज तोडण्याच्या, आखूड वाटेने वापरते. ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात कर्करोगाच्या पेशींत हीच पद्धत पाहिली होती. ऊर्जेच्या हिशेबात ही उधळपट्टी वाटते, कारण ग्लुकोजच्या एका रेणूमागे या वाटेने एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जा-चलनाचे, फक्त दोन रेणू मिळतात आणि मायटोकॉन्ड्रियातून जवळपास तीस. पण भराभर वाढणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच कच्चा मालही हवा असतो, आणि न्यूक्लिक आम्ले, मेद व अमिनो आम्ले घडवण्याचे धागे याच वाटेवरून निघतात. जोडीला ग्लुटामिन हे अमिनो आम्ल लागते, आणि शरीरातला त्याचा मोठा साठा स्नायूंत असतो. गजाननभाऊंच्या दंडाचा घेर पाहिल्यावर त्या साठ्याची अवस्था वेगळी मोजावी लागत नव्हती.

आता दाराची गोष्ट. ग्लुकोज पेशीत शिरते ते ग्लूट-१ नावाच्या वाहक प्रथिनातून, आणि हे दार किती उघडायचे हे फक्त रक्तातली साखर ठरवत नाही. शरीरात एकंदर साठा पुरेसा आहे का, याचे निरोप पेशीपर्यंत पोहोचावे लागतात. त्यांपैकी एक महत्त्वाचा निरोप लेप्टिनचा. हे संप्रेरक चरबीच्या पेशी तयार करतात. चरबी संपली की लेप्टिन घसरते आणि टी-पेशीला कळते की हे दिवस खर्च करण्याचे नाहीत. उपाशी उंदरांना बाहेरून लेप्टिन दिल्यावर त्यांचा मंदावलेला टी-पेशी प्रतिसाद परत आल्याचे १९९८ मध्ये दाखवण्यात आले. पेशीच्या आत एमटॉर नावाची यंत्रणा अमिनो आम्लांची, विशेषतः ल्युसिनची, उपलब्धता जोखते आणि वाढीला परवानगी देते किंवा नाकारते. म्हणजे रक्तात साखर ८२ असूनही टी-पेशी उपाशी माणसासारखीच वागू शकते: बाजार भरलेला असतो, पण पिशवी घेऊन घराबाहेर पडण्याची तिला मुभा नसते.

याच्या पुढचा दुवा २०१३ मध्ये उलगडला, आणि तो मला आजही विलक्षण वाटतो. ग्लायकोलिसिसमधले जीएपीडीएच नावाचे विकर कामात गुंतलेले नसेल, तर ते इंटरफेरॉन-गॅमा या प्रतिकारशक्तीच्या संकेत-प्रथिनाच्या संदेशवाहक आरएनएला चिकटून बसते आणि त्या प्रथिनाची निर्मिती रोखते. पेशीपाशी संदेश लिहिलेला असतो, पण ग्लुकोजचा प्रवाह नसल्याने तो वाचलाच जात नाही. क्षयाच्या जंतूला पोटात घेऊन बसलेल्या मॅक्रोफेजला, म्हणजे भक्षक पेशीला, मारण्याची आज्ञा मिळते ती मुख्यतः याच इंटरफेरॉन-गॅमाकडून. माँटूची गाठ उठण्यातही त्याचा मोठा वाटा असतो. म्हणून त्वचेवर काही न उठणे आणि फुप्फुसात जंतूला मोकळीक मिळणे या एकाच कमतरतेच्या दोन खुणा असू शकतात.

गजाननभाऊंच्या पेशींतले ग्लूट-१ किंवा लेप्टिन आम्ही मोजले नाही. वरचे स्पष्टीकरण प्रयोगशाळेतल्या पुराव्यावर उभे आहे आणि त्यांच्या लक्षणांशी जुळते, एवढाच माझा दावा आहे.

दुसरा निर्णय: किती वेगाने खाऊ घालायचे

निदान झाल्यावर सर्वांनाच वाटले की आता त्यांना भरपूर खाऊ घालावे. माझ्यासमोर तीन पर्याय होते. पहिला, कक्षाचा नेहमीचा उच्च-प्रथिन आहार, म्हणजे सुमारे दोन हजार कॅलरी, दूध आणि अंड्यांसह. दुसरा, प्रतिकिलो दहा कॅलरींपासून, म्हणजे दिवसाला ४०० च्या आतून, सुरुवात करणे. तिसरा, या दोहोंमधला. ज्याचा निर्देशांक १४ पेक्षा कमी आहे आणि ज्याने काही महिन्यांत चतुर्थांश वजन गमावले आहे, त्याला एकदम पोटभर अन्न देणे धोक्याचे असते. इन्शुलिन वाढते, ग्लुकोज पेशींत धावते, आणि त्यावर प्रक्रिया करण्यासाठी लागणारे फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम रक्तातून झपाट्याने आत ओढले जाते. थायमिनचा (जीवनसत्त्व ब-१) साठा आधीच रिता असतो. अशा घसरणीतून हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवल्याची उदाहरणे दुसऱ्या महायुद्धानंतर सोडवलेल्या उपाशी कैद्यांपासून नोंदली गेली आहेत.

एका सहकाऱ्याने वेगळाच मुद्दा मांडला. आजारपणात भूक मरते ती निसर्गाचीच योजना असेल, तर आपण ती का मोडावी? त्याच्या बोलण्याला आधार होता. २०१६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत लिस्टेरिया या जिवाणूच्या संसर्गात बळेच ग्लुकोज देणे घातक ठरले होते, तर फ्लूच्या विषाणूच्या संसर्गात तेच ग्लुकोज तारक ठरले होते. यावर आमची बरीच चर्चा झाली. माझे मत असे होते, आणि आजही आहे, की काही दिवसांच्या तीव्र तापातील लंघन आणि महिनोन्‌महिने चाललेल्या क्षयातील झीज यांना एकाच मापाने मोजता येत नाही. उपाशी राहण्याचा जो काही फायदा असेल तो साठा असलेल्या शरीराला. येथे साठाच उरला नव्हता.

आम्ही मधला पर्याय घेतला. आधी थायमिन, मग पहिले दोन दिवस प्रतिकिलो १५ कॅलरी म्हणजे सुमारे ५७०, सहा छोट्या वाट्यांत विभागून: मऊ भात-वरण, ताक, अर्धे अंडे, शेंगदाण्याचा कूट घातलेली पेज. त्यानंतर रोज रक्तातील फॉस्फेट पाहून वाढ. पहिल्या दिवशी फॉस्फेट २.६ होते, म्हणजे खालच्या सीमेला टेकलेले.

तिसऱ्या दिवशी ते १.६ झाले. कारण शोधले तेव्हा दोन गोष्टी कळल्या. दुसऱ्या रात्री अशक्तपणा वाटतो म्हणून त्यांना डेक्स्ट्रोजचे एक लिटर सलाईन दिले गेले होते, म्हणजे ५० ग्रॅम ग्लुकोज थेट शिरेतून. आणि सासूबाईंनी मायेने डबाभर शिरा आणला होता. यात दोष माझा होता. मी आहाराचे प्रमाण आहाराच्या तक्त्यात लिहिले, पण ‘ग्लुकोजचे सलाईन देऊ नये’ हे औषधांच्या पानावर लिहून घेतले नाही, आणि नातेवाइकांशी बोलले नाही. शिरा आणणाऱ्या माउलीला तो आज का चालत नाही हे कोणी सांगितलेच नव्हते. आम्ही कॅलरी दोन दिवस तेथेच थांबवल्या, फॉस्फेट व मॅग्नेशियम दिले, हृदयाचा आलेख घेतला. पाचव्या दिवशी फॉस्फेट २.७ वर आले. दहाव्या दिवशी गजाननभाऊ १,६०० कॅलरींवर होते आणि स्वतःहून भाकरी मागत होते.

फॉस्फेटची ही घसरण हृदयासाठी धोक्याची असतेच, पण तिची दुसरी बाजूही आहे. फॉस्फेट खूप खाली गेले की पेशींत एटीपी कमी पडते आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची जंतूकडे सरकण्याची व तो गिळण्याची क्षमता मंदावते. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घाईने दिलेले अन्न काही दिवस उलट त्याच पेशींना पंगू करू शकते.

तिसरा निर्णय: लोह

हिमोग्लोबिन ८.४ होते आणि शिरेतून लोह देण्याचा आग्रह झाला. फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचे माप, मात्र ४००च्या वर होते. दाहात यकृत हेप्सिडिन हे संप्रेरक वाढवते आणि लोह साठ्यात कोंडून ठेवते, कारण क्षयाच्या जंतूलाही ते हवे असते. लोह थांबवून दोन महिन्यांनी पुन्हा तपासायचे ठरले. तेव्हा हिमोग्लोबिन १०.३ झाले होते. येथे फारशी वादावादी झाली नाही.

घरचे ताट

अठराव्या दिवशी ते घरी गेले. पुढच्या भेटीत वजन जेमतेम तीनशे ग्रॅम वाढलेले होते. गोळ्या नियमित होत्या, खर्रा बराच कमी झाला होता. मग त्यांच्या पत्नीने खालच्या आवाजात सांगितले, “मॅडम, लेकरं ताटाकडे पाहत बसतात. मंग ह्यांच्या घशाखाली अंडं कसं उतरन?” अंडी मुले खात होती, आणि ते योग्यच होते. क्षयरुग्णांसाठीच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला मिळणारे हजार रुपये एका रुग्णाच्या हिशेबाने ठरवलेले आहेत, पण घरातला स्वयंपाक एकाच पातेल्यात होतो.

येथे आम्ही आराखडा बदलला. रुग्णासाठी वेगळा आहार लिहिण्याऐवजी घराचे पातेले सुधारायचे ठरवले. रेशनचा गहू-तांदूळ होताच. कमतरता प्रथिनांची होती. वरण घट्ट करणे, भाजलेले फुटाणे आणि शेंगदाणे खर्ऱ्याच्या वेळेला हाताशी ठेवणे, जवसाची चटणी, सातूचे पीठ, आणि निक्षय मित्राकडून (रुग्णाला पोषणासाठी स्वेच्छेने मदत करणाऱ्याकडून) मिळणाऱ्या पोषण किटमध्ये डाळ व दूध पावडर जास्त मागणे, अशी ती यादी होती. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रेशन्स’ या अभ्यासाचा आधार आमच्यासमोर होता. त्यात रुग्णाच्या घरातील माणसांनाही अन्न दिल्याने त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले, आणि ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढले त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. आशाताई दर आठवड्याला वजन करू लागल्या. दोन महिन्यांच्या शेवटी ते ४१.५ झाले, म्हणजे ९ टक्के वाढ.

चौथा निर्णय: गाठ वाढली

सातव्या आठवड्यात मानेतली गाठ अचानक दुप्पट झाली आणि दुखू लागली. घरच्यांना औषध लागू पडत नसल्याची खात्री वाटली. एका नातेवाइकाने गोळ्या बंद करून जडीबुटीचा सल्ला दिला होता. औषधाला न जुमानणारे जंतू आहेत का, ही शंका आम्हालाही होती. पण ताप नव्हता, भूक चांगली होती, वजन वाढत होते, खोकला जवळपास थांबला होता. गाठीतून नमुना घेऊन कल्चरला, म्हणजे जंतू वाढतात का हे पाहायला, पाठवला, गोळ्या तशाच चालू ठेवल्या आणि स्टेरॉइड हाताशी ठेवले, पण दिले नाही. सहा आठवड्यांनी कल्चर निगेटिव्ह आले. तोवर गाठ उतरू लागली होती.

क्षयाच्या उपचारात गाठी अशा विरोधाभासी रीतीने वाढणे नवे नाही. जंतू मरत असताना त्यांच्या अवशेषांवर प्रतिकारशक्ती तुटून पडते. पोषण सुधारल्याने पेशींना ताकद आली आणि म्हणून गाठ सुजली, असे म्हणण्याचा मोह होतो. एका रुग्णावरून तसे ठरवता येत नाही, कारण चांगले पोषण असलेल्यांतही असे घडते. याच सुमारास, त्यांची परवानगी घेऊन, माँटू पुन्हा केली होती. ती १७ मिलिमीटर आली. कक्षात तिची मोठी चर्चा झाली, पण पहिल्या टोचणीनेही जुनी स्मृती जागी होऊन दुसरा निकाल वाढू शकतो, त्यामुळे तो आकडा निखळ पोषणाचा पुरावा नाही. उपचारासाठी तिची गरज नव्हती. आज मी ती चाचणी सुचवली नसती.

परिणाम आणि वेगळे काय करता आले असते

सहा महिन्यांनी थुंकी स्वच्छ होती, गाठ बोटाला जेमतेम लागत होती आणि वजन ४७ किलो होते. निर्देशांक १६.७. क्षय बरा झाला, पण माणूस अजून कमी वजनाचाच होता आणि आजारापूर्वीच्या ५१ किलोंपर्यंतही पोहोचला नव्हता. योजनेचे पैसे उपचारासोबत थांबले. ‘बरा झाला’ अशी नोंद करताना मला समाधान वाटले नाही.

पुन्हा असा रुग्ण आला तर दाखल होताच तीन गोष्टी करेन. आजारापूर्वीचे वजन विचारून केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहीन, सलाईनसह शरीरात जाणारे प्रत्येक ग्रॅम ग्लुकोज आहाराच्या हिशेबात धरीन, आणि घरून डबा आणणाऱ्या व्यक्तीला पहिल्याच दिवशी शेजारी बसवून बोलेन. घरच्या पातेल्याची चौकशीही घरी सोडण्यापूर्वीच व्हायला हवी होती. तिच्यासाठी आम्ही वजनाचा काटा अडकेपर्यंत थांबलो.

एक निर्णय मात्र पहिल्या चुकीमुळे नीट घेता आला. गजाननभाऊंच्या पत्नीची तपासणी झाली तेव्हा त्यांचा निर्देशांक १६.८ होता आणि माँटू शून्य मिलिमीटर. याही वेळी कोणीतरी म्हणाले, “म्हणजे संसर्ग नाही, सोडून द्या.” या वेळी तो शून्य कोणी मान्य केला नाही. लक्षणे नव्हती, छातीचे चित्र स्वच्छ होते, म्हणून सक्रिय आजार नसल्याची खात्री करून त्यांना आठवड्यातून एकदा, असे बारा आठवड्यांचे प्रतिबंधक औषध दिले. बारावा डोस घ्यायला त्या आल्या तेव्हा त्यांचे वजन अडीच किलोंनी वाढलेले होते, आणि डब्यात सर्वांसाठी घट्ट वरण होते.